देव्हाऱ्याखालचा क्लाउड

बाळीवेस, सोलापूर.
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं. सीपीयूच्या पंख्यातून चिमट्यानं झेंडूच्या पाकळ्या काढत होतो. ते काम अर्धवट ठेवून हे पत्र लिहायला बसलो आहे.

तीर्थस्वरूप मानसिंगमामा यांना भाचा अमृतचा नमस्कार. एरवी तुमच्या पायांवर डोकं ठेवून केला असता. पण शुक्रवार दुपारपासून तुम्ही माझा फोन घेत नाही आणि नंबरही ब्लॉक केला आहे, तेव्हा डोकं ठेवायला कागदाशिवाय जागा उरलेली नाही. (ब्लॉक केल्याचं समोरच्याला कळवायची सोय त्या अ‍ॅपमध्ये नाही. तुमचा फोटो दिसेनासा झाला, त्यावरून मी ओळखलं. फोटो चांगला होता, नव्या शोरूमसमोरचा.) तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींची रक्ताची तपासणी झाली का? अंकिताचा क्लास नीट चालला असेल. इकडे माझी नोकरी सोडून बाकी सगळं बरं आहे. मोहोळहून आईचा रोज फोन येतो. ती फक्त "जेवलास का" एवढं विचारते आणि ठेवते. तुम्ही तिला काय काय सांगितलं असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

मुद्दा आधीच सांगतो, कारण तुम्ही पत्र शेवटपर्यंत वाचाल याची खात्री नाही. दसऱ्याच्या दिवशी तुमच्या दुकानातलं बिलिंग भर गर्दीत बंद पडलं. आणि नंतर ते सुरू झाल्यावर जे झालं, ते बंद पडण्याहून वाईट होतं. आता तुम्ही आमचं सॉफ्टवेअर काढून टाकणार, असं आमच्या ऑफिसातल्या मंजुनाथकडून कळलं. टेंभुर्णीच्या चौकातल्या इतर दुकानदारांनी ते तुमच्याच शब्दावर घेतलं होतं, अगदी समोरच्या युवराजशेठनीसुद्धा (तुमचं त्यांच्याशी बोलणं नसताना, तुमच्या शब्दाचं वजन यावरून कळतं). आमचे मालक शिवपुत्र अण्णा काल मला म्हणाले, "मानसिंगशेठ गेले की टेंभुर्णी गेली. टेंभुर्णी गेली की तू गेलास. साधं गणित आहे बे." पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षाला सोडलेल्या आणि उरलेलं सगळं मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलेल्या मुलाला दुसरीकडे कोण उभं करणार? म्हणून जे घडलं ते क्रमानं लिहितो. सगळं वाचून झाल्यावर रागवा, माझी हरकत नाही.

मागच्या वर्षी मी तुमच्या दुकानात सॉफ्टवेअर दाखवायला आलो, तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "आमचा हिशोब ऱ्हाणार कुटं?" मी म्हणालो होतो, "क्लाउडवर." तुम्ही वर पंख्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "पडायचा न्हाय न्हवं?" तेव्हा मी हसलो होतो, त्याबद्दल माफी मागतो. प्रश्न बरोबर होता. आमच्या माहितीपत्रकात निळं आभाळ आहे, त्यात पांढरा ढग आहे, ढगाला कुलूप लावलेलं आहे. प्रत्यक्षात आमचा क्लाउड म्हणजे बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून आणलेला जुना कॉम्प्युटर आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा मलाही हे माहीत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात मी अण्णांना विचारलं, की आपला क्लाउड नेमका कुठं आहे, त्याला काही सूचना द्यायच्या आहेत. अण्णा म्हणाले, "आंघोळ केलास का?" मी हो म्हणालो. मग त्यांनी मला चपला काढायला लावल्या आणि आत देवघरात नेलं (ऑफिस त्यांच्या घरातच आहे).

देव्हाऱ्याखाली, समईच्या तेलाची बाटली आणि कापसाच्या वातींचा डबा यांच्यामध्ये, तो घूं घूं करत बसला होता.

अण्णांची बाजूही सांगितली पाहिजे. ते म्हणतात, क्लाउड म्हणजे काय, तर दुसऱ्याचा कॉम्प्युटर. बड्या कंपन्या तेच करतात. मग आमचा कॉम्प्युटर गिऱ्हाइकाच्या बाजूनं बघितला तर दुसऱ्याचाच झाला की! आणि देवघरच का, तर अण्णांच्या आई दानम्मा (सगळे त्यांना अव्वा म्हणतात) यांचा नंदादीप विजेवर चालतो, आणि तो विझू नये म्हणून घरातला एकुलता एक चांगला इन्व्हर्टर तिथं बसवला आहे. म्हणजे गावाची वीज गेली तरी देव आणि तुमचं बिलिंग दोन्ही चालू राहणार. सुरक्षिततेचंही तेच. पुण्यामुंबईच्या डेटा सेंटरांत म्हणे दारावर बोटाचा ठसा घेतात. आमच्याकडे आंघोळ, धूतवस्त्र आणि कपाळाला विभूती असल्याशिवाय अव्वा उंबरा ओलांडू देत नाहीत. सुतकात तर प्रत्यक्ष मालकांनाही प्रवेश नाही. (चुलते वारले तेव्हा अण्णांना तेरा दिवस आत जाता आलं नाही. त्या काळात सॉफ्टवेअर एकदाही बंद पडलं नाही, ही नोंद मी करून ठेवली आहे.)

आता कंपनीविषयी थोडं, म्हणजे दोष कुणाचा हे ठरवणं सोपं जाईल. कंपनीत आम्ही तिघं आहोत. अण्णा संस्थापक. मंजुनाथ विक्री बघतो आणि मोटारसायकलवर फिरून थकलेली वर्गणी आणतो. त्याच्या कार्डावर ‘हेड ऑफ ग्रोथ’ आहे. माझ्या कार्डावर ‘चीफ टेक्नॉलॉजी ऑफिसर’ आहे. मी अण्णांना म्हटलं होतं की माझ्या हाताखाली कुणी नाही, तर चीफ कशाचा? ते म्हणाले, "वरपण कोणी नाही की." अण्णा पुण्याला एका हॉटेलात दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले, तेव्हापासून रोज सकाळी आम्ही गॅलरीत उभे राहून मीटिंग करतो. काल काय केलं, आज काय करणार आणि अडचण काय, हे प्रत्येकानं सांगायचं असतं. मंजुनाथची अडचण रोज पेट्रोल असते. माझी अडचण रोज बिभीषण असतो.

बिभीषण म्हणजे माझ्या आधीचा डेव्हलपर. त्यानंच हे सॉफ्टवेअर लिहिलं आणि तो पुण्याला गेला. कोड लिहिताना मधे मधे मजकूर लिहायची पद्धत असते, म्हणजे मागून येणाऱ्याला कळावं की हे काय आहे. बिभीषणनं मोजक्याच ठिकाणी लिहिलं आहे. एके ठिकाणी ‘हे का चालतं माहीत नाही’, एके ठिकाणी ‘हात लावू नये’ आणि बाकी सगळीकडे ‘तात्पुरतं’. मी एकदा त्याला फोन करून एका ओळीचा अर्थ विचारला. तो म्हणाला, "अमृत, मी आता दुसऱ्या टेक्नॉलॉजीत आहे," आणि ज्या आवाजात माणूस सांगतो की मी आता त्या घरात राहत नाही, त्या आवाजात त्यानं फोन ठेवला. तेव्हापासून मी हात लावत नाही. माझं बरंचसं काम हात न लावणं हेच आहे, आणि त्यात मी पुष्कळ काळजी घेतो.

तर आता खंडेनवमी. आपल्याकडे कोयता, विळा, पाना यांची पूजा करतात. यांच्याकडेही ती फार निष्ठेनं होते. अव्वांचे यजमान आडतीचे व्यापारी होते, तेव्हा तराजू पुजला जायचा. आता लॅपटॉप पुजतात. दर वर्षी दोन लॅपटॉप, एक कीबोर्ड, एक प्रिंटर, विभूतीचे पट्टे, कुंकू, झेंडू, आणि कोहळा फोडून झाला की खिचडी. पुजलेल्या हत्याराला मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बन्नी (आपण सोनं म्हणतो ती पानं) वाहीपर्यंत कामाला लावायचं नाही. त्याला विश्रांती. आजवर यात अडचण आली नव्हती, कारण लॅपटॉप झोपले तरी देव्हाऱ्याखालचा जागाच असायचा. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. अव्वा त्याच्यावर पापड वाळवायच्या.

यंदा घोटाळा केला तो अण्णांच्या भाषणानं. पापड वाळवण्यावरून आठवड्यापूर्वी त्यांचं आणि अव्वांचं वाजलं. अण्णा जेवताना म्हणाले, "अव्वा, ते साधं खोकं नव्हे. सगळं घर त्याच्यावर चाललंय. ते रात्रंदिवस राबालंय, चार वर्षं झाली, एक मिनिट थांबलं नाही!" त्यांना वाटलं, आता पापड हलतील. पापड हलले. पण अव्वांना त्या यंत्राची दया आली. (हे मला नंतर कळलं. मी तेव्हा समोर बसून चटणी-भाकरी खात होतो आणि भाषण चांगलं झालं असंच मला वाटलं होतं.)

नवमीच्या संध्याकाळी अव्वांनी आम्हा प्रत्येकाला विचारलं, "तुझं हत्यार कुठलं रे?" मंजुनाथ हुशार. तो म्हणाला, "मोटारसायकल," आणि फोन खिशात ठेवला. मी प्रश्नाचा नीट विचार केला. दिवसभरात कीबोर्डपेक्षा फोनच जास्त हातात असतो, म्हणून मी खरं उत्तर दिलं आणि फोन ताटात ठेवला. अण्णांनीही ठेवला. पूजा झाली. त्या रात्री खोलीवर माझा अंगठा उशीवर आपोआप वर-खाली होत होता, एवढं सोडल्यास मला कसलीही शंका आली नाही. आणि इकडे सगळे गेल्यावर अव्वांनी त्या बिचाऱ्या खोक्याला विभूती लावली, गळ्यात माळ घातली, "दमलास बाळा, झोप" म्हणाल्या आणि मागचं बटन बंद केलं.

मामा, मी निष्काळजी नाही. मशीन बंद पडलं की माझ्या फोनवर ताबडतोब इशारा यावा, अशी व्यवस्था मी स्वतः केलेली आहे आणि ती उत्तम चालते. त्या रात्री ती अखंड चालली. फोन ताटात फुलांखाली थरथरत राहिला. अव्वांनी सकाळी मला मोठ्या समाधानानं सांगितलं, "ताट हलत होतं बघ. पूजा पोचली."

दसऱ्याला मी ऑफिसात आलो तेव्हा मंजुनाथ जिन्यातच भेटला आणि फोन लांब धरून, जसा उंदीर शेपटीला धरतात तसा, माझ्याकडे देऊन मोकळा झाला. फोनवर तुम्ही होता. तुमचे शब्द मला पाठ आहेत. "अमऱ्या, हितं भीमाचा फ्रीज टेम्पोत चढलाय, हार घातलाय, नारळ फुटलाय, पेढं वाटून झाल्यात, आन तुझ्या मशीनवर नुसतं चक्कर फिरालंय. बिल देऊ का बुंदी देऊ?" मी म्हणालो, पाच मिनिटं द्या. आमच्या व्यवसायात पाच मिनिटं हे मोजमाप नाही. ती तुमच्याकडच्या ‘उद्या या’सारखी एक बोलायची रीत आहे. पण तुम्ही ती खरी धरलीत आणि दर पाच मिनिटांनी फोन केलात, हे योग्यच होतं.

अण्णा घरी नव्हते. साड्यांच्या एका नव्या दुकानाच्या उद्घाटनाला गेले होते आणि तिथं आमचा क्लाउड कधीच का बंद पडत नाही यावर बोलत होते. त्यांचा फोन तर आमच्याच ताटात. मी आंघोळ करूनच आलो होतो, विभूती लावली आणि देवघराच्या दारात उभा राहिलो. घूं घूं ऐकू येत नव्हती. माळ दिसली. मग सगळं समजलं.

"अव्वा, हे सुरू करावं लागेल."

"अय्य, काय बोलालास! पुजलंय ते. सांजच्याला बन्नी वाहिली की उचल."

मी सांगितलं, तिकडे माझ्या मामाच्या दुकानात फ्रीज अडकला आहे. त्या म्हणाल्या, कागदावर लिहून दे म्हणावं, आमच्या घरातली आडत जन्मभर कागदावर चालली. मी सांगितलं, या यंत्रात सगळ्या दुकानांचा जीव आहे. त्या म्हणाल्या, मग तर त्याला विश्रांती पाहिजेच. मी म्हणालो, अव्वा, यंत्र दमत नसतं. यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला स्वतःलाच ते वाक्य कठोर वाटलं. मंजुनाथच्या फोनवर मी त्या कृत्रिम बुद्धिमत्तेलाही विचारून बघितलं (अण्णांचा नियमच आहे, आधी तिला विचारायचं, मग डोकं चालवायचं). मी सगळी परिस्थिती नीट लिहिली, पूजेसकट. तिनं दहा मुद्दे दिले. पहिला होता, शांत राहा. दुसरा, मशीन पुन्हा सुरू करून बघा. तिसरा, तसं करता येत नसल्यास अधिकृत व्यक्तीशी संपर्क साधा. अधिकृत व्यक्ती समोर वाती वळत बसली होती.

शेवटी अव्वा म्हणाल्या, "मला काय विचारतोस? देवाला विचार." त्यांनी झेंडूची दोन फुलं पाण्यात बुडवली आणि मशीनच्या पत्र्यावर दोन बाजूंना चिकटवली. उजवं पडलं तर सुरू करायचं, डावं पडलं तर संध्याकाळपर्यंत बोलायचं नाही. मी हात जोडून बसलो. आमच्या धंद्यातला निम्मा वेळ असाच जातो, पडद्याकडे बघत बसायचं आणि काय पडतं त्याची वाट बघायची. तेव्हा मला सवय होती. पण मशीन बंद, त्यामुळे पत्रा हलेना. फुलं ओली, त्यामुळे सुटेनात. इतक्यात तुमचा आणखी एक फोन येऊन गेला. मी हळूच उठून पंख्याचं बटन लावलं. अव्वांनी मान न वळवता सांगितलं, "बंद कर. आमचा देव पंख्यावर चालत नाही."

असा किती वेळ गेला सांगत नाही, तुम्हाला तो माहीत आहे. मग अव्वांच्या पिशवीतला बटनांचा फोन वाजला. त्यांची मुलगी सिद्धेश्वरी. (हिचं सासर होटगीला. दसऱ्याला सोनं घेतल्याशिवाय ही माहेरी पाऊल टाकत नाही.) तिचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. "अव्वा, हितं सोनाराकडं बिलच निघंना. मशीन बंद म्हणालाय. मुहूर्त चाललाय, सासूबाई तोंड वाकडं करून बसल्यात. बिल नाही तर पाटल्या देत नाही म्हणतोय!"

अव्वांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "तो सोनारही आमचाच गिऱ्हाईक आहे, अव्वा. त्याचा हिशोबही यातच."

त्यांनी फोन कानाला तसाच धरून दुसऱ्या हाताच्या बोटानं उजवं फूल खाली ढकललं. "पडलं बघ," म्हणाल्या. "लाव लवकर."

मी बटन दाबलं. आधी पंख्यानं माळेतल्या पाकळ्या आत ओढल्या आणि मिरच्या वाटल्यासारखा आवाज झाला. मग त्याला कीबोर्ड पाहिजे झाला, तो प्रिंटरसकट पूजेतून सोडवून आणला. मग पडदा उजळला, आणि मंजुनाथ जिन्यातून ओरडला, "आलं! टेंभुर्णीचं बिल निघालं!" मामा, त्या क्षणी मला खरंच रडू आलं. मी पहिलं बिल इथं छापून नीट तपासलं. वरचं ‘विजयादशमीच्या हार्दिक शुभेच्छा’ काना-मात्रेसह तपासलं. तुमच्या दुकानाचं नाव, जीएसटी क्रमांक, बेरीज, सगळं बरोबर होतं.

तारीख तपासली नाही.

या मशीनमध्ये घड्याळासाठी रुपयाएवढा एक सेल असतो. मशीन बंद असताना तो वेळ लक्षात ठेवतो. चार वर्षांत मशीन कधी बंदच केलं नव्हतं, त्यामुळे तो सेल कधी मेला ते कुणालाच कळलं नाही. रात्रभर झोपून उठल्यावर मशीनला वाटलं, आज १ जानेवारी २००९. खरं तर असं मशीन इंटरनेटवरून वेळ विचारून घेतं. ती सोय बिभीषणनं बंद करून ठेवली होती. का, ते त्यानं लिहिलं आहे. ‘तात्पुरतं.’

त्यामुळे दसऱ्याला तुमच्याकडून गेलेला एकूण एक फ्रीज, टीव्ही आणि वॉशिंग मशीन कागदोपत्री सोळा वर्षांपूर्वी विकलं गेलं. शुक्रवारी भीमानं वॉरंटीची नोंद करायला कंपनीच्या नंबरवर फोन केला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी त्याला अदबीनं सांगितलं की तुमची वॉरंटी केव्हाच संपली, आणि जुना फ्रीज देऊन नवा घ्यायचा असल्यास सध्या चांगली सवलत आहे. भीमाच्या फ्रीजवरचा हारसुद्धा अजून सुकला नव्हता. तोच हार घेऊन तो तुमच्या दुकानात आला आणि त्यानं तो काउंटरवर ठेवला, हे मला मंजुनाथनं सांगितलं. त्यानंतर तुमचा जो आवाजी निरोप आला, तो शेवटचा. "ह्या माणसाचं लगीन झालं पंधरा साली. म्हंजी ह्यानं बायको ठरायच्या आधी रुखवताचा फ्रीज आणून ठिवला व्हता का रं? लोकं मला जुना माल विकतो म्हणालीत. चौकात तोंड दाखवू का नगं, तेवढं तुझ्या क्लाउडला इचारून सांग." मी तो निरोप पुष्कळदा ऐकला. त्यात तुम्ही शिवी दिलेली नाही, हे माझ्या लक्षात आलं आहे, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

अण्णांची प्रतिक्रिया मात्र तुम्ही ऐकली पाहिजे. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. त्यांनी पाच मिनिटं (खरी) गॅलरीत फेऱ्या मारल्या, आणि मग नोकरदारांच्या त्या साइटवर एक मोठा लेख टाकला. ‘काल आमची सिस्टीम थांबली. थांबण्यातून मी काय शिकलो.’ त्यात प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर आहे. त्यात असं आहे की यंत्रांनाही विश्रांती देणारी आमची कंपनी माणसांची किती काळजी घेत असेल याचा विचार करा. (मी रविवारी ऑफिसात बसून पाकळ्या काढतो आहे, याचा उल्लेख नाही.) पुण्यातल्या बऱ्याच लोकांनी टाळ्यांची चित्रं टाकली. बिभीषणनंही टाकलं, ‘प्रेरणादायी’. मग दोषनिवारणाची मीटिंग झाली. शिबिरात शिकवलं आहे की अशा मीटिंगमध्ये कुणाला दोष द्यायचा नाही, मूळ कारण शोधायचं. आम्ही शोधत शोधत अव्वांपर्यंत पोचलो. तेवढ्यात अव्वा चहा घेऊन आल्या, तेव्हा मूळ कारण म्हणून माझं नाव लिहिलं.

मला ते मान्य आहे. सेल मी नवा बसवला आहे. तारीख आता मी रोज सकाळी भिंतीवरच्या दिनदर्शिकेशी ताडून बघतो. भीमासकट तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची दुरुस्त बिलं या पत्राबरोबर पाठवली आहेत, शिक्क्यासह. पुढच्या रविवारी मी स्वतः येऊन प्रत्येकाच्या घरी जाईन आणि वॉरंटीची नोंद करून देईन. चौकात उभं राहून चूक माझी होती, माल मामांनी नवाच विकला होता, असंही सांगेन. तुम्ही म्हणाल तेवढ्या मोठ्यानं सांगेन. फक्त सॉफ्टवेअर काढू नका, मामा. लहानपणी कॉम्प्युटरच्या क्लासला तुम्हीच मला घातलंत, ही आठवण मी मुद्दाम देत नाही. लिहिता लिहिता आली.

मामींना नमस्कार आणि अंकिताला आशीर्वाद. ब्लॉक काढायचा मार्ग सोपा आहे, हवं तर अंकिता करून देईल.

तुमचा,
अमृत

ता. क. मीटिंगमध्ये आणखी एक ठरलं, ते वर लिहायचं राहिलं. जाणकार म्हणतात, सगळा हिशोब एकाच जागी ठेवू नये, लांब दुसऱ्या गावातही एक मशीन असावं. अण्णांनी विचारलं, लांब कुठं? ज्याच्या घरी उत्तम इन्व्हर्टर आहे असा सोलापूरबाहेरचा माणूस मला एकच माहीत होता. हे पत्र तुमच्या हातात पडलं आहे, त्याअर्थी मंजुनाथनं पत्राबरोबर ते दुसरं खोकंही तुमच्या ओट्यावर उतरवलेलं असणार. जड आहे, गुडघा सांभाळा. टेंभुर्णीच्या सगळ्या दुकानांचा हिशोब उद्यापासून तुमच्या घरी राहील. नव्या माहितीपत्रकात ‘टेंभुर्णी विभाग’ असं छापून झालं आहे, ढगासकट.

ता. क. २. मामींना मी काल फोनवर विचारलं होतं (त्यांनी ब्लॉक केलेलं नाही). कपाटाशेजारची जागा त्यांनी झाडून ठेवली आहे. त्यांना हळद-कुंकू वाहायचं असेल तर हरकत नाही, फक्त मागचं बटन सोडून.

ता. क. ३. एक नियम आहे, तो कुठंही लिहिलेला नाही म्हणून इथं लिहितो. समोरच्या युवराजशेठनी काय माल घेतला, किती भावानं घेतला आणि कितीला विकला, हे सगळं आता तुमच्या कपाटाशेजारी साठेल. ते आपण बघायचं नसतं. पासवर्ड घाईत मामींच्याच नावाचा ठेवला आहे आणि पुढच्या रविवारी मी आलो की बदलणार आहे. तोपर्यंत इंग्रजीत, पहिलं अक्षर मोठं, असं ते नाव तिथं चुकूनही टाइप करू नका.